खेड्यातल्या लहान शाळेत गाण्याचा तास टिकवायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या सत्तरी आणि धारबांदोडा तालुक्यांतल्या शाळांत गाणं शिकवून मी निवृत्त झाले, पण फोन काही निवृत्त झाला नाही. जून लागला की मुख्याध्यापकांचे फोन येतात, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की पालकांचे आणि गॅदरिंगच्या आधी सगळ्यांचेच. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. सगळं वाचायला वेळ नसेल तर बदलीविषयीचा प्रश्न तेवढा वाचा. बाकीच्याचं घोडं तिथंच अडतं.

पहिली ते चौथी मिळून १४ मुलं आणि बाई एकच. अशा शाळेत संगीत जमेल का?

जमतं, आणि मोठ्या शाळेपेक्षा बरं जमतं. चाळीस मुलांच्या वर्गात कोण नुसतेच ओठ हलवतंय ते कळत नाही. चौदांत प्रत्येक गळा वेगळा ऐकू येतो. अडतं ते वेळेपाशी. एकशिक्षकी शाळेत बाईंच्या मागे माध्यान्ह आहाराची नोंद, वरून मागवलेली माहिती आणि कुणाचं तरी फुटलेलं गुडघं, सगळंच असतं. म्हणून पाऊण तासाच्या तासाचा नाद सोडा. रोज वीस मिनिटं, प्रार्थनेला जोडून.

ती वीस मिनिटं अशी जातात. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावायचं आणि फोन रिकाम्या मडक्यात उभा ठेवायचा, म्हणजे आवाज वर्गभर पोचतो. पहिली दोन मिनिटं कुणी गायचं नाही, नुसतं ऐकायचं. मग ‘सा’. न ओरडता, श्वास पुरेल तितका लांब.

एका शाळेत तिसरीतला एक मुलगा होता. सगळ्यांचा सा लागला की ह्याचा सूर खाली कुठंतरी घुमत राहायचा. पोरं त्याला ‘रेडा’ म्हणायची, आणि त्यालाही ते पटलेलं होतं. मी त्याला एका कानात बोट घालायला लावलं आणि म्हटलं, चोर्ल्याचा घाट चढणाऱ्या ट्रकासारखा आवाज काढ बघू. त्यानं खालून ‘ऊऽऽ’ करत आवाज चढवत नेला आणि साच्या पुढं निघून गेला. ‘थांब, आता हळूहळू खाली ये.’ येता येता एका क्षणी त्याचा आवाज तानपुऱ्यात मिसळून दिसेनासा झाला. त्याचे डोळे असे मोठे झाले! त्या दिवशी तो तिथं दोन सेकंद टिकला. रोज ट्रक चढवायचा, रोज उतरवायचा, असे तीन आठवडे गेल्यावर त्याचा सा पहिल्या झटक्यात लागू लागला. ‘ह्याला गळाच नाही’ असं कुणी म्हणालं की मला तो ट्रक आठवतो.

सा झाला की ताल, तोही पायांनी. केरव्याच्या आठ मात्रा चालत मोजायच्या. पहिलीची मुलं फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी देतात, दुसरी-तिसरीची सगळ्या मात्रा मोजतात, चौथीची ‘धा गे न ती न क धि न’ बोलतात. चार इयत्ता, एक ताल, आणि कुणी रिकामं नाही. शेवटच्या आठ-दहा मिनिटांत गाणं, दिवसाला एकच ओळ. ती ओळ दुसऱ्या दिवशी चौथीच्या मुलांनी पहिलीच्या मुलांना सांगायची, बाईंनी नाही. ही सवय लागली की बाई सभेला गेल्या तरी गाणं थांबत नाही.

आमची मुलं फारच बेसूर गातात. काय करावं?

आधी पट्टी, म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरलाय ते, तपासा. दहातल्या आठ वेळा मुलं बेसूर नसतात, पट्टी चुकलेली असते. गावातले भजनीबुवा काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर सा धरून, अभंग उचलतात. तो त्यांच्या गळ्याचा. मुलं तोच सा एक सप्तक वर घेतात, मध्य सप्तकात निभावतात आणि अंतऱ्यात सूर तार सप्तकात चढला की निम्मी ओरडतात, निम्मी गुपचूप खाली उतरतात. लांबून ऐकणाऱ्याला वाटतं, पोरांना सूर नाही.

उपाय साधा आहे. गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर पेटीवर शोधा, आणि वरचा स्वर मुलं मान न ताणता म्हणतील तिथं सा ठेवा. मध्य सप्तकात फिरणाऱ्या प्रार्थनेला काळी एक चालते. तार गंधारापर्यंत जाणारा अभंग असेल तर त्याच्या खालच्या काळी पाचपर्यंत उतरा. उतरल्यावर मुलांचा खालचा पंचम ऐकूच येईनासा झाला, तर ते गाणं ह्या वयाचं नाही. दुसरं घ्या. आणि पट्टी वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा शोधाशोध नको.

लहान शाळेला सरकारी संगीत शिक्षक का मिळत नाही?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा अर्धवेळ निदेशक सांगितलेला आहे, पण पट १०० च्या वर असेल तर. पहिली ते पाचवीसाठी तेवढंही नाही. आपल्याकडच्या वाड्यावरच्या शाळेचा पट १०० काय, कधी कधी २० पर्यंतही पोचत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की कला हा अभ्यासाबाहेरचा विषय मानू नये. वाचायला बरं वाटतं, आणि वेळापत्रकात तास मागताना त्याचा आधारही घ्यावा. पण धोरणानं माणूस मिळत नाही. तो गावात शोधावा लागतो.

गावातले भजनीबुवा शिकवायला तयार आहेत, पण त्यांच्याकडे संगीत विशारद वगैरे पदवी काही नाही. चालेल का?

चालेल का काय, नशीब समजा! गोव्यात गाव तिथं देऊळ आणि देऊळ तिथं भजन. पखवाजावर थाप मारणारा आणि पेटीवर बोटं फिरवणारा माणूस पाच मिनिटांच्या अंतरावर सापडतो. सासष्टी-बार्देशातही जुनी रीत हीच होती. पोर्तुगीज काळात चर्चच्या गावशाळेत मेस्त्री, म्हणजे तिथला संगीतशिक्षक, मुलांना सोल्फेजो (पाश्चात्य स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचा, आणि तिथं तयार झालेल्या हातांनी पुढं मुंबईच्या सिनेमातले वाद्यवृंद वाजवले. मेस्त्री गावातलाच असायचा, म्हणून ते टिकलं. पणजीहून आठवड्यातून एकदा येणारा माणूस पावसाळ्यात दोनदा चुकतो आणि तिसऱ्यांदा येतच नाही.

मात्र बुवांशी आधी बोलून घ्यायचं. बुवा हौशी असतात. पहिल्याच दिवशी ते स्वतःचा ठेवणीतला अभंग तानांसकट काढतात, आणि पोरं आ वासून बघत राहतात. त्यांना विनंती करा की पहिला महिनाभर फक्त ध्रुवपद आणि ठेका. टाळ कसा धरायचा, झांज समेवर कशी पाडायची, दुसऱ्याचा आवाज ऐकत आपला कसा सोडायचा, हे त्यांच्याइतकं चांगलं पदवीधरालाही शिकवता येत नाही. स्वरांची नावं, वही, उजळणी हे वर्गशिक्षिकेनं बघावं.

दोन गोष्टी सोडू नका. वर्गशिक्षिकेनं तास संपेपर्यंत वर्गातच बसायचं. बुवा कितीही ओळखीचे असोत, मुलं शाळेच्या ताब्यात आहेत. आणि मानधन. थोडं असलं तरी चालेल, पण ठरल्या तारखेला, पाकिटात घालून, मुख्याध्यापकांच्या हातून. ‘बुवा आपलेच आहेत, देऊ कधीतरी’ म्हणणाऱ्या शाळांतले बुवा तिसऱ्या महिन्यात आजारी पडतात.

संगीत शिकवणाऱ्या बाईंची बदली झाली की सगळं बंद पडतं. ह्यावर उपाय?

हाच खरा प्रश्न. वाद्यं नाहीत म्हणून गाण्याचा तास बंद पडलेली शाळा मी पाहिलेली नाही. माणूस गेला म्हणून बंद पडलेल्या बऱ्याच पाहिल्या, आणि त्यांतली एक माझीच.

तिथं मी सहा वर्षं होते. मुलं त्रितालात सरगम गीत म्हणायची, तालुक्यात नाव होतं, आणि मला त्याचा गर्व होता हे आता कबूल करायला हरकत नाही. बदली झाली. आठ महिन्यांनी काही कामानं गेले तर पेटी कपाटावर, पेटीवर चादर आणि चादरीवर हजेरीपटांचा गठ्ठा. नव्या मास्तरांचा काय दोष? कोणतं गाणं कुठल्या पट्टीत, कोण पुढं उभं राहतं, तबल्याचा हातोडा कुठं असतो, सगळं माझ्या डोक्यात होतं आणि ते डोकं मी बरोबर घेऊन गेले होते.

त्यानंतरच्या प्रत्येक शाळेत मी पहिल्या वर्षीच तीन कामं केली. एक वही घातली. गाण्याचे शब्द, पट्टी, ठेका, सुरुवात कोणत्या स्वरावर, मुलं कुठं चुकतात, पेटीचा कुठला स्वर अडतो, दुरुस्ती कुणी केली, हे सगळं तिच्यात. वही शाळेची, माझी नाही. शेवटच्या पानावर कपाटाची किल्ली कुणाकडे ते. दुसरं, तासाला एक जोडीदार घेतला. कधी दुसऱ्या शिक्षिका, कधी एखादी आई, एकदा तर माध्यान्ह आहार आणून देणाऱ्या बचत गटातली ताई. तिच्या फुगडीच्या गाण्यांपुढं माझी विशारद फिकी पडायची. आठवड्यातला एक तास पूर्ण तिच्यावर सोडायचा आणि मी मागं बसायचं. हे कठीण जातं, हात शिवशिवतात. तिसरं, वेळापत्रकात ‘संगीत’ हा शब्द छापून भिंतीवर लावला. प्रार्थनेत लपवलेलं संगीत नव्या मुख्याध्यापकांना दिसत नाही. छापलेला तास काढायचा झाला तर निदान कुणीतरी ‘का’ विचारतं.

गंमत म्हणजे तिसऱ्या कामाला काही खर्च नाही, आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं.

वाद्यं कोणती घ्यावीत? सुरुवात कशानं करू?

सुरुवात टाळांनी. चार-पाच जोड्या, एक झांज, एक तानपुऱ्याचं ॲप. वर्षभर तास टिकला तर पेटी, त्यानंतर तबला-डग्गा. बऱ्याच शाळा उलट करतात. देणगी मिळते, पेटी-तबला येतो, फोटो निघतो आणि वाजवायला कुणी नसतं.

आणि घुमट, आपलं मातीचं चर्मवाद्य, विसरू नका. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलं, पण मुलांना त्या घोषणेची गरज नाही. चवथीला घरोघर आरत्यांत ते घुमतंच. मातीचा घट, मोठ्या तोंडावर चामडं, मागचं लहान तोंड उघडं. उजव्या हातानं वाजवायचं आणि डाव्या तळव्यानं मागचं तोंड झाकत-उघडत आवाज वाकवायचा. ही उघडझाप दुसरीतलं पोरही पहिल्या दिवशी करून बघतं आणि हसतं, मग हसता हसता शिकतं. जोडीला शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कासाळें (झांजा) असली की पूर्ण वाद्यमेळ. घ्यायचं ते बकरीच्या चामड्याचं. पूर्वी घोरपडीचं लावत, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे. कुणाच्या माळ्यावर जुनं घुमट असेल आणि ते ‘शाळेला घ्या’ म्हणाले तर हात जोडून नको म्हणा. म्हातारी मंडळी सांगतील की बकरीच्या चामड्याला तो नाद नाही. खरं आहे त्यांचं. तरी नको.

जुलैत घुमटाला हात लावला की चवथीपर्यंत मुलं घरच्या आरतीत बसायला लागतात. शाळेचं शिकणं घरात वाजलेलं आजोबांनी ऐकलं, की पुढच्या पालकसभेत संगीताच्या तासाला हरकत घेणारा आवाज बराच खाली येतो.

पावसाळ्यात पेटी आणि तबला कसा सांभाळावा?

एका जुलैत शाळेची पेटी उघडली तेव्हा आतून आधी वास आला, मग एक पाल निघाली. भात्याच्या घडीत पांढरी बुरशी, सुरांच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट गंज, आणि आतल्या कपड्याच्या चिंध्या करून उंदरानं घर केलेलं. मे महिन्यात सुट्टीला जाताना मीच ती खिडकीखाली, नुसत्या जमिनीवर ठेवली होती. दुरुस्तीवाल्यानं काही विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

तेव्हापासूनचे नियम: पेटी जमिनीपासून वर, भिंतीपासून चार बोटं लांब. लाकडी कपाट असेल तर आत लहान पिवळा बल्ब, शाळा चालू असताना लावून ठेवलेला. बल्ब जमत नसेल तर सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या मधून मधून उन्हात किंवा तव्यावर सुकवून पुन्हा आत. सगळ्यात मोठं औषध म्हणजे रोज दहा मिनिटं वाजवणं. भाता हलला की आतली हवा हलते. बंद पेटी कुजते. अडकलेली पट्टी जोरात दाबू नका, पावसानं लाकूड फुगलेलं असतं, सप्टेंबरात बहुधा आपोआप सुटते. तेल तर अजिबात नको.

तबल्याचं चामडं दमट हवेत सैल पडतं आणि तबला उतरतो. मुलं मग हातोड्यानं बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकत सुटतात, आणि ऊन पडलं की ताणलेली पुडी, म्हणजे वरचं चामडं, फाटते. पावसात थोडा उतरलेला तबला चालवून घ्या. वाजवून झाल्यावर गादी घालून, कापडात गुंडाळून कपाटात. शाईवर, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलावर, ओला हात नको, आणि घाटावरच्या लोकांचं ऐकून श्रावणातल्या गोव्यात वाद्यं ‘उन्हात’ ठेवायला काढू नका. तेवढं ऊन असतं कुठं?

शाळा सुटल्यावर सराव घेता येत नाही, बालरथ (मुलांची शाळेची बस) निघून जातो.

जाऊ दे. बालरथाच्या ड्रायव्हरशी भांडून काही मिळत नाही, त्याला पुढं दुसरी फेरी असते. त्यानंतरची कदंबची बस कधी येईल हे देवालाच ठाऊक, आणि अंधारात पोरीला वाटेवर कोण सोडणार? शाळा सुटल्यानंतरच्या सरावावर उभा केलेला कार्यक्रम जवळ राहणाऱ्या चार मुलांचाच होतो. लांबच्या वाड्यावरचं मूल आपोआप गळतं, आणि बहुतेक वेळा त्याच्याच गळ्यात गाणं असतं. म्हणून जे काही करायचं ते शाळेच्या वेळेत. काही मुलांना बालरथ सकाळी लवकर आणून सोडतो. ती पंधरा-वीस मिनिटं मोकळी असतात, तिथं वाद्यांचा सराव बसतो.

पैसे कुठून आणायचे?

कमी लागतात, पण दरवर्षी लागतात, आणि तिथंच चुकतं. एकदाची देणगी मिळवणं सोपं. पुढच्या वर्षी पुडी बदलायला, भाता शिवायला, बुवांच्या पाकिटाला कोण देणार?

समग्र शिक्षा अभियानाच्या संयुक्त शाळा अनुदानात ३० मुलांपर्यंतच्या सरकारी शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि १०० पर्यंतच्या शाळेला २५,००० रुपये असा हिशेब बसवलेला आहे. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात वीज, पाणी, खडू, किरकोळ दुरुस्ती आणि शिक्षण साहित्य. ह्यात संगीताचा वाटा बसवायचा तर शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात ‘वाद्यदुरुस्ती’ असं स्पष्ट लिहून घ्या. मोघम ‘सांस्कृतिक खर्च’ लिहिलंत की हिशेब तपासताना तोच पहिला अडतो.

पालक-शिक्षक संघ, पंचायत, गावातलं मंडळ ह्यांच्याकडे जाताना वस्तू मागा, रक्कम नको. ‘तबल्याची पुडी बदलायची आहे, बिल थेट दुकानदाराला द्या’ म्हटलं की कुणी ना कुणी पुढं येतं. कला व संस्कृती संचालनालयाच्या योजनांची चौकशी जरूर करा, फक्त फॉर्म भरण्याआधी अर्ज शाळेच्या नावे चालतो की नोंदणीकृत संस्थेच्या, ते विचारून घ्या. माझे दोन अर्ज त्यातच परत आले.

देवळातलं भजन शाळेत शिकवलं तर इतर धर्मांच्या मुलांचं काय?

वाळपईच्या आसपासच्या वर्गांत मुसलमान मुलं असतात, सांग्या-केप्याकडे ख्रिस्ती. अभंग हा गोव्यातल्या मराठी शाळेचा सोपा रस्ता आहे, म्हणूनच तो एकमेव होऊ नये. माझा रिवाज असा: सरगम, ताल आणि अलंकार (स्वरांचे पलटे) सगळ्यांना सारखे. गाण्यांत धालो ह्या बायकांच्या लोकनाचाची आणि फुगडीची गाणी, शेतातली, पावसाची, बडबडगीतं आणि एक-दोन अभंग. कोकणी गाणं तर हवंच. मुलं घरी कोकणीच बोलतात, पुस्तकातलं मराठी गाताना त्यांची जीभ सांभाळून चालते, कोकणी गाताना धावते. एका वर्गात एका मुलीनं चर्चच्या गायनवृंदात शिकलेला दुसरा सूर खालून धरला आणि आमच्या साध्या प्रार्थनेला अचानक दोन मजले झाले. तसं मला कुणी शिकवलं नव्हतं.

कुणाच्या आई-वडिलांना एखादं गाणं नको असेल तर त्या मुलाला बाहेर बसवू नका, ठेका द्या. किंवा गाणंच बदला. गाणी काय कमी आहेत?

गांधर्वच्या परीक्षांना मुलं बसवावीत का?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा, पुढं विशारद. वर्षाला दोन सत्रं असतात. पाचवी-सहावीच्या मुलाला प्रारंभिक जड जात नाही, आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागलं की घरच्यांनाही वाटतं की काहीतरी चाललंय. पण लहान शाळेनं तास परीक्षेभोवती बांधू नये. चौदांतली तीन मुलं परीक्षेला बसतात आणि उरलेली अकरा तीन महिने त्यांचे राग पाठ होताना बघत राहतात. त्या तिघांना वेगळी पंधरा मिनिटं द्या. तास सगळ्यांचा.

स्पर्धांचं काय?

कला अकादमीच्या राज्य भजन स्पर्धेत बालगट असतो, नववी ते बारावीला २०१५ पासून कला उत्सव आहे. जावं, मुलांना मंच बघायला मिळतो, दुसऱ्या गावचं भजन ऐकायला मिळतं. माझी तक्रार स्पर्धेवर नाही, स्पर्धेनं खाल्लेल्या वर्षावर आहे. दोन अभंग, सहा महिने, तेच दहा गळे. बक्षीस मिळतं, आणि त्या दहांना तिसरा अभंग येत नसतो. एका वर्षी एक स्पर्धा, तयारी सहा आठवडे, त्याच्या वर नाही, असा ठराव मी शिक्षकांच्या सभेत करून घ्यायचे. दोनदा तो मीच मोडला.

सातवी-आठवीतले मुलगे गाणं सोडून देतात.

आवाज फुटतो म्हणून. कालपर्यंत लागणारा तार सा आज चिरकतो, वर्ग हसतो, मुलगा उद्यापासून ‘घसा दुखतो’ म्हणतो. बाराव्या-तेराव्या वर्षी हे होणारच, हे त्याला आधीच सांगून ठेवलं की निम्मी लाज जाते. तेवढा काळ त्याला तबल्यावर, पखवाजावर, घुमटावर बसवा, गायचं तर मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, हळू. माझे चांगले पखवाजवाले सगळे असेच मिळाले, फुटलेल्या आवाजातून.

ऑनलाइन शिक्षक? कीबोर्ड?

ऑनलाइन एकत्र गाता येत नाही, आवाज पोचायला उशीर होतो आणि सम चुकते. नेत्रावळीकडे तर आधी रेंज मिळाली पाहिजे. शिक्षकानं एक ओळ रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवावी, मुलांनी बसवून परत पाठवावी, एवढं जमतं. कीबोर्ड चालतो, पट्टी बदलायला सोपा, बुरशी धरत नाही. फक्त त्यातला आयता ठेका वापरू नका, आणि पावसात वीज जाते हे लक्षात ठेवा.

मुलांनी ऐकायचं काय?

आपल्याच मातीतलं, आणि थोडं थोडं, तीन मिनिटांच्या वर नाही. सांगे तालुक्यातली मुलं दर मे महिन्यात साळावली धरणाचं पाणी उतरल्यावर कुर्डी गाव वर आलेलं बघायला जातात. त्यांना सांगा की मोगूबाई कुर्डीकर ह्याच गावच्या, आणि मग त्यांचा एक ख्याल लावा. मुलं पाण्याखालच्या गावाचा आवाज ऐकल्यासारखी बसतात. फोंड्याकडच्या मुलांना केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या तबकडीवर ती आहे. एका पोरानं विचारलं होतं, ‘बाई, तिकडे कोण ऐकणार?’ मी म्हटलं, आधी तू ऐक. मंगेशीचे दीनानाथ आणि जितेंद्र अभिषेकी तर आहेतच. जमलं तर वर्षातून एकदा साखळी किंवा कुडचड्याच्या रवींद्र भवनात प्रत्यक्ष मैफल. पहिल्या रांगेत नको, मुलं चुळबुळतात. बाजूला, जिथून तबलजीचे हात दिसतील तिथं बसवा.

पालक म्हणतात, गाण्यानं मार्क वाढतात का?

मी कुणालाही तसं सांगत नाही. गणित गणितानं सुधारतं. मी पालकांना तासाला बोलावते आणि मागच्या बाकावर बसवते. एवढंच.

आमचा पट यंदा चारवर आला. आता कशाला?

चार मुलांत एक तानपुरा धरतं, म्हणजे फोन मडक्यात ठेवतं, एक टाळ, एक घुमट, एक गातं, आणि रोज जागा बदलायच्या. महिन्यातून एका शनिवारी शेजारच्या वाड्यावरच्या शाळेला बोलवा, त्यांची सहा धरून दहा होतात, ठेका एकदम भरतो. पुढच्या वर्षी शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झालीच, तर दाखल्यांच्या गठ्ठ्याबरोबर ती वहीही जाऊ द्या, आणि नव्या शाळेतल्या बाईंना शेवटचं पान उघडून किल्ली कुठं आहे ते दाखवा.